चौदाव्या पानावरचं वर्गमूळ

युसूफ, तुझ्या मातीला एवढी माणसं आली की मला राग आला. खोटं कशाला बोलू? कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. कोणी पुण्याहून रात्रीची गाडी पकडून आला होता, कोणी जळगाव जामोदहून मोटारसायकलवर तिघं बसून. तुझ्यावर माती लोटायला मी पुढे सरकत होतो, तर पन्नास जण माझ्या आधी. एक उंच, दाढी राखलेला मुलगा माझ्या बाजूला उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, तुम्ही कोणता विषय शिकवायचे?"

मी त्याला दोन वर्षं गणित शिकवलं होतं. त्याचा हजेरी क्रमांकसुद्धा मला आठवतो, एकतीस. तो माझ्या तुकडीत होता, तुझ्या नाही. तुला तो फक्त एक महिना मिळाला, माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं आणि मी अकोल्याला दवाखान्यात होतो तेव्हा. तेवढ्या एका महिन्यासाठी तो पुण्याहून आला.

तो महिना मी विसरलेलो नाही. तू तुझ्या तुकडीचे तास घेऊन वर माझ्या तुकडीचेही घेतलेस, प्राचार्यांना कळू न देता, म्हणजे माझी रजा कापली जाऊ नये. दर दोन दिवसांनी अकोल्याला डबा घेऊन यायचास आणि "पोरं कशी आहेत" म्हटलं की "चांगली हायेत बे, तू वहिनीकडं पाह्य" एवढंच म्हणायचास. याचे उपकार मी फेडू शकत नाही. पण मी परत येऊन वर्गात पाऊल ठेवलं आणि साठ पोरांची तोंडं पडली. एक मुलगी तर शेजारणीला हळूच म्हणाली, "झालं, आले परत." उपकारही तुझेच आणि पोटदुखीही तुझ्यामुळेच, हे माझं तुझ्याबाबतीत पहिल्यापासून असंच होतं.

आपण दोघं नांदुऱ्याच्या कॉलेजात एकाच दिवशी हजर झालो. मी जानेफळचा, मेहकरच्या बाजूचा. तू जळगाव जामोदचा, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बापाचा मुलगा. दोघांचा विषय एक, पगार एक, स्टाफरूममधलं टेबलही एक. अकरावीच्या दोन तुकड्या होत्या, अ तुला, ब मला. वर्षाच्या सुरुवातीला ब तुकडीतली पोरं तुकडी बदलून मागायला ऑफिसात अर्ज घेऊन उभी राहायची. क्लार्क मला पाहून अर्ज टेबलाखाली सारायचा. त्याचं ते सारणं मला जास्त लागायचं.

आणि तू असं काय करायचास? मी पुष्कळ वर्षं तेच शोधत होतो. तुझं अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं. फळा तू कधी नीट पुसला नाहीस. सिद्धता देताना मधली एखादी पायरी गाळायचास आणि म्हणायचास, "हे तं तुमाले दिसूनच राह्यलं." मला ते बघवायचं नाही. मी पायरी गाळत नाही. मी अकरावीला काल्पनिक संख्या कशा शिकवायचो ते तुला ठाऊक आहे. धन दोनाचा वर्ग चार. ऋण दोनाचा वर्गही चारच. म्हणजे जिचा वर्ग ऋण येईल अशी संख्या आपल्याजवळ नाही. म्हणून एक नवी संख्या मानू, तिला आय म्हणू, तिचा वर्ग ऋण एक. लिहून घ्या. पोरं लिहून घ्यायची. यात चूक कुठे आहे?

तू पोरांना मैदानावर नेलंस. मी स्टाफरूमच्या खिडकीतून पाहत होतो. सगळ्यांना रेल्वे लाइनकडे तोंड करून उभं केलंस आणि एन.सी.सी.वाल्यासारखं ओरडलास, "पीछे मुड!" सगळी वळली. "हे झालं ऋण एकानं गुणणं. तोंड उलट्या दिशेनं. आता मले असं काही करून दाखवा का जे दोनदा केलं तं 'पीछे मुड' होते. एकदाच केलं तं नाई." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागच्या रांगेतली एक मुलगी जागच्या जागी डावीकडे वळली, थांबली, आणि पुन्हा डावीकडे वळली. तू टाळ्या पिटल्यास. "हे पाहा, हे आय हाय! रेल्वे लाइनवर नाई, तिच्या मागं नाई, बाजूले हाय!" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलेजात पोरं डावीकडे वळत होती. माझ्या तुकडीतलीसुद्धा.

मी तुला म्हटलं, "हे गणित नाही, कवायत आहे." तू म्हणालास, "जाय ना बे. तू तं जळून राह्यला." मी म्हटलं, छे. पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्याच. राग याचा होता की मला ते सुचलं नव्हतं. सात वर्षं तोच धडा शिकवून सुचलं नव्हतं.

तेव्हापासून आपला तो वाद सुरू झाला, दर रविवारचा. तू सकाळी नऊला यायचास, माझी बायको चहा ठेवायची, आणि आपण भांडायचो. मी म्हणायचो, काल्पनिक म्हणजे काल्पनिक. नियम पाळले म्हणून चालते, बाकी तिला अस्तित्व नाही. तू म्हणायचास, "मंग ऋण दोन तरी कुठी पाह्यले तू? दोन केळं नसलेले दाखव मले." मी म्हणायचो, नाव तरी बघ, उगाच ठेवलंय का? तर तू म्हणालास, "नावच चुकलं बे. एखाद्या पोराले पाळण्यातच येडा म्हटलं का मंग तो कलेक्टर झाला तरी लोक येडाच म्हणतेत." माझी बायको आतून हसायची. माझ्या बोलण्यावर ती आतून कधी हसल्याचं मला आठवत नाही.

वाद अर्धाच राहिला. परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. त्यात बारावीतल्या एका मुलानं भाषण केलं, "युसूफ सर आता काल्पनिक संख्या झाले आहेत." टाळ्या पडल्या. मला इतका संताप आला की उठून त्याला बसवावंसं वाटलं. पंचवीस वर्षं मी तुझ्या विरुद्ध बाजूनं भांडलो, पण त्या मिनिटाला मला तुझी बाजू घ्यायची होती. काल्पनिक म्हणजे नसलेलं नाही रे बाबा, म्हणायचं होतं. तू मात्र नाहीस, आणि त्याला गणितात काही उत्तर नाही.

शोकसभेतच प्राचार्य म्हणाले, "वानखडे सर आणि युसूफ सर, एकाच विषयाचे दोन शिक्षक, पण कधी मत्सर नाही, कधी लपवाछपवी नाही." मग मला बोलायला उभं केलं. मी चार वाक्यं बोललो. मोठ्या मनाचा, विद्यार्थिप्रिय, भरून न निघणारी पोकळी, असलं काहीतरी. बसताना मी चुकून दुसऱ्याच्याच खुर्चीत बसलो. लोकांना वाटलं, दुःख. दुःख होतंच, पण तुला अजून न सांगितलेली एक गोष्टही होती, आणि ती न सांगताच मी खाली बसलो.

ती आता सांगतो. तुझ्या हयातीत सांगायला पाहिजे होती.

तुझी वही. 'युसूफ सरांची वही' म्हणून झेरॉक्सवाल्यांकडे मिळायची ती. आठ वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलला आणि तू नवी वही लिहिलीस, दिवाळीच्या आधी, घाईत. नांदुऱ्यात बसस्टँडजवळच्या दुकानात, जळगाव जामोदला, मलकापूरला, सगळीकडे तिच्या प्रती निघत होत्या. माझ्या वहीची झेरॉक्स आजवर कोणी मागितली नाही, मी एकदा दुकानात ठेवूनही पाहिली होती. तर दिवाळीच्या सुट्टीत मी मलकापूरला गेलो. बायकोला सांगितलं, बँकेत काम आहे. नांदुऱ्याचा दुकानदार ओळखीचा, तो तुला सांगेल म्हणून मलकापूर. तिथं तुझी वही विकत घेतली, पेपरात गुंडाळली आणि घरी येऊन गच्चीवर बसून वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, दोन दिवस, लाल पेन घेऊन. मी ती शिकायला वाचत नव्हतो. चूक शोधायला वाचत होतो.

चौदाव्या पानावर सापडली. ऋण चारचं वर्गमूळ गुणिले ऋण नऊचं वर्गमूळ. तू नेहमीसारखी पायरी गाळली होतीस. ऋण चार आणि ऋण नऊ आतल्या आत गुणलेस, छत्तीस आले, वर्गमूळ काढलंस, उत्तर सहा, आणि त्याभोवती तुझा तो छोटा चौकोन. खरं तर आधी आय बाहेर काढायला हवा. दोन आय गुणिले तीन आय, सहा आय वर्ग, म्हणजे ऋण सहा. दोन्ही संख्या ऋण असल्या की वर्गमुळाच्या आत गुणायचं नसतं. हा या धड्यातला सगळ्यात जुना खड्डा आहे, आपण दोघांनी शेकडो पोरांना त्यातून वर काढलं होतं, आणि तू घाईत स्वतःच त्यात पडला होतास.

युसूफ, मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. मी गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या. खाली येऊन बायकोला म्हटलं, आज पुरणपोळी कर. ती म्हणाली, सण संपला की. मी म्हटलं, कर तरी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तू आलास, चहा घेतलास, तुझ्या नव्या वहीबद्दल स्वतःहून बोललास. "दिन्या, घाईघाईत लिवली बे, एकदा नजर टाकतं का? तुझ्यावानी नजर कोणाची नाई." मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मला कुठे वेळ आहे? चांगलीच असणार तुझी." आणि वही माझ्या पलंगाखाली होती.

इथपर्यंतच असतं तर निव्वळ गप्प बसणं झालं असतं. पण अकरावीच्या वार्षिक परीक्षेचा पेपर तीन कॉलेजांसाठी एकच निघायचा, आणि त्या वर्षी तो काढायची पाळी माझी होती. मी तोच प्रश्न घातला. ऋण चार, ऋण नऊ, अंकसुद्धा बदलले नाहीत. तुझी तुकडी एका ओळीत पडेल, सगळ्यांना दिसेल, आणि कोणीतरी म्हणेल की वानखडे सरांच्या वर्गात असं शिकवत नाहीत. एवढंच मला हवं होतं. दोन गुणांचा प्रश्न होता. दोन गुणांनी काय होतं, असं मी स्वतःला म्हटलं.

पेपर तपासायची आपली रीत तुला आठवत असेलच. अदलाबदली. तुझ्या तुकडीचे गठ्ठे मी घ्यायचे, माझ्या तुकडीचे तू, एकाच टेबलावर समोरासमोर बसून, म्हणजे कोणी आपल्या पोरांना झुकतं माप देऊ नये. मी तुझे पेपर तपासत होतो आणि पानापानावर सहा, सहा, सहा. प्रत्येक सहाभोवती तुझा चौकोन. मी लाल रेघ मारत होतो आणि माझा हात इतका हलका चालत होता की विचारू नकोस. आणि समोरून तू म्हणालास, "दिन्या, तुझी स्वाती सहा लिवून राह्यली बे. तू असं शिकोलं का?"

स्वाती माझी मुलगी, माझ्याच तुकडीत. तू तिचा पेपर माझ्यापुढे सरकवलास. तिचं गोलगोल अक्षर, गाळलेली पायरी, उत्तर सहा, आणि त्याभोवती चौकोन. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे माझं नाही. हे तुझ्या वहीतलं आहे."

तू मान वर केलीस. "माझ्या वहीतलं? तू कवा पाह्यली माझी वही?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी म्हटलं, "तुझ्या पोरांच्या पेपरांवरून कळलं. सगळ्यांनी तेच लिहिलंय, मग कुठून येणार?" तू माझ्यापुढचा गठ्ठा ओढलास, चार पेपर चाळलेस, कागदावर दोन आय गुणिले तीन आय लिहिलंस आणि कपाळावर हात मारून घेतलास. "या अल्ला! म्या तं पोराइले गड्ड्यात घातलं." मग पेन खाली ठेवून तू विचारलंस, "पन तू नेमकी हेच ओळ कशी उचलली बे पेपराले?"

"योगायोग," मी म्हटलं.

"हाव," तू म्हणालास. "योगायोग."

घरी गेल्यावर मी स्वातीला विचारलं. ती रडत रडत तिच्या दप्तराच्या तळातून तुझी वही काढून घेऊन आली. म्हणजे माझ्या एका घरात तुझ्या वहीच्या दोन प्रती होत्या, एक बापाच्या पलंगाखाली आणि एक मुलीच्या दप्तरात, आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होतो. तिची लपवायची गरज मला कळली. माझं पितळ मी उघडं केलं नाही. उलट तिलाच बोललो की घरात शिक्षक असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जाते. ती म्हणाली, "बाबा, तुमचं समजते. पण युसूफ काकांचं वाचलं का भीती जाते." आज ती स्वतः एका शाळेत गणित शिकवते आणि पोरांना मैदानावर नेते. तू गेल्याचं कळलं तेव्हा तिनं मला फोन केला आणि दहा मिनिटं नुसती रडली. मी मेल्यावर ती इतकी रडेल का, असं माझ्या मनात आलं. मी असाच आहे, युसूफ. तुला ठाऊक होतं.

पुढे तू जे केलंस त्यानं माझा डाव माझ्यावरच उलटला. दुसऱ्या दिवशी अख्खी अ तुकडी मैदानावर बोलावलीस. "चूक माझी हाय, तुमची नाई. आता तुम्ही मास्तर आन् मी पोट्टं. द्या शिक्षा." पोरांनी तुला उन्हात पीछे मुड करायला लावलं, पन्नाशीच्या माणसाला, आणि तू इतक्या गंभीरपणे वळत होतास की शिपाईसुद्धा पोट धरून हसत होते. मला वाटलं होतं तुझी शोभा होईल. झालं असं की ब तुकडीची पोरं कुंपणाजवळ उभी राहून हळहळत होती की आपले सर असे का नाहीत.

मग तू खिशात पेन घालून गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत गेलास आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीवर चौदावं पान हातानं दुरुस्त केलंस. आणि ती सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली मुलगी, जी दोनच गुणांनी नापास झाली होती. बाप म्हणत होता, बस झालं शिक्षण. तू मला म्हणालास, "चाल दिन्या, दोघं जाऊन सांगू का पोरीची चूक नाई, मास्तरची हाय." मी म्हटलं, मला सर्दी झाली आहे. मला सर्दी नव्हती. तू एकटा बसनं जळगाव जामोदला गेलास, तिथून पुढे कोणाच्या तरी गाडीवर, आणि त्या बापाच्या अंगणात बसून सगळी चूक स्वतःवर घेऊन आलास. त्यातली अर्धी माझी होती. मुलगी फेरपरीक्षा देऊन पुढे गेली. तू परत आल्यावर मला एवढंच म्हणालास, "सर्दी गेली का?"

तुला कळलं होतं का, हा प्रश्न मी आठ वर्षं वागवला. कधी वाटायचं, कळलं असतं तर तू बोलला असतास, तुझ्या पोटात काही राहायचं नाही. कधी तू चहा पिता पिता मधेच थांबून माझ्याकडे बघायचास आणि मला वाटायचं, आता विचारणार. मी तयारी करून बसायचो. तू म्हणायचास, "साखर कमी हाय," आणि मी सुटलो म्हणून आत साखर आणायला जायचो. चारशे तरी रविवार असे गेले असतील. तू विचारशील म्हणून मी थांबलो, आणि तू विचारत नव्हतास.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी नऊ वाजता तुझ्या घरी गेलो. तू मला भेटायला निघायचास त्या वेळेला. तुझ्या आदिलनं बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली. भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषापुढे येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी आदिलला म्हटलं, तुझ्या अम्मीला दोन शब्द सांगायचे आहेत, सांगू की नको तेवढं विचार. तो आत गेला आणि थोड्या वेळानं मधल्या दाराचा पडदा हलला. नसीमा भाभी पलीकडे खाली बसल्या असाव्यात, बांगड्यांचा आवाज नव्हता, फक्त श्वास कळत होता. आदिल आपणहून अंगणात गेला.

पडद्याकडे पाहून बोलणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं. मी सगळं सांगितलं. मलकापूर, गच्ची, चौदावं पान, पेपर, सर्दी. एकही पायरी गाळली नाही. शेवटी म्हटलं, "भाभी, मले त्याचा हेवा वाटे. पयल्या दिवसापासून. त्याले सांगाचं राहून गेलं म्हणून तुमाले सांगून राह्यलो."

मग भाभी म्हणाल्या, "मालूम होतं भाऊ."

"तुमाले?"

"त्याइले. मलकापूरच्या दुकानात पान दुरुस्त कराले गेले तं दुकानवाला तुमच्याच कॉलेजात शिकलेला निंघाला, म्हणे, आपल्या कॉलेजचे वानखडे सर दिवाळीतच घेऊन गेले एक. घरी आले, जेवले नाई त्या दिवशी."

मी विचारलं, राग आला होता का. त्या म्हणाल्या, "लय. असा राग म्या त्याइचा कवा पाह्यला नाई. म्हणे, मले सांगतलं असतं तं मी त्याचे पाय धरले असते. माह्यावर जळे तं जळू दे, पोराइले काऊन पाडलं?"

युसूफ, खरं सांगतो, ते ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. तू रागावला होतास. तूही माणूस होतास. आणि लगेच तुझ्या रागाचाही हेवा वाटला, की तो तू पोरांसाठी केलास, स्वतःसाठी नाही. माझा एकही राग असा नाही.

"मंग मले विचारलं काऊन नाई?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, तुझ्याशी भांडताना चढायचा तसा. "आठ वर्षं घरी येऊन राह्यला होता. एकदा विचाराचं!"

"म्याही तेच म्हटलं," भाभी म्हणाल्या. "तं म्हणे, एकदा विचारलं, तो खोटं बोलला. अजून विचारलं तं अजून खोटं बोलन. मंग मले त्याच्या घरी जाता येनार नाई. आन् मले जाचं हाय. त्याले सांगू दे त्याच्या मनानं."

अंगणात आदिल नळाखाली बादली लावत होता.

"दर रविवारी तुमच्याकडून आले का मी विचारो," भाभी पडद्याआडून सांगत होत्या, "बोलले का दिनकरभाऊ? ते चप्पल काढता काढता म्हणत, आज नाई. कधी चिडून नाई म्हटलं. जसं एखादी गाडी लेट हाय म्हणतेत ना, तसं. आज नाई. मंग मी जेवण वाढो. ते गेले त्याच्या आधीच्या रविवारीही विचारलं म्या."

"काय म्हणाला?"

"तेच."

मी उठलो. दारापर्यंत गेलो, चपलेत पाय घातले, आणि मागून भाभींचा आवाज आला, अगदी हळू.

"आज बोलले."

त्या हे मला म्हणाल्या नव्हत्या, युसूफ.